टायमरची तीन चाकं

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



माझी ओळख 'अकोल्याचे उद्योजक' अशी करून दिली गेली. खरं तर एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ट्रॉल्या, शेतीची अवजारं, शेडचे सांगाडे आम्ही करतो. पण सकाळपासून तुम्ही सगळे बाहेर कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या तीनचाकीभोवती फिरताय, म्हणून आज तिच्याबद्दलच बोलतो.

आपल्या वर्गातला टायमर आठवतो ना? समोर तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. देशात पल्स पोलिओ मोहीम 1995 साली सुरू झाली, तोवर आपण शाळा सोडूनही गेलो होतो. दर वर्षी क्रीडादिनाला आपण धावायचो आणि घड्याळ त्याच्या हाती असायचं. म्हणून तो टायमर. त्याला धावायचं आहे का, हे आपण कोणी कधी विचारलं नाही. मीही नाही. एका बाकावर बसून नाही.

काही वर्षांपूर्वी तो बडनेरा स्टेशनावर भेटला. चहा घेताना त्याच्या स्कूटरचा विषय निघाला. मागं दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली स्कूटर तुम्ही पाहिली असेल. तो म्हणाला, "सरळ रस्त्यानं मी कोनाले आयकत नाही बे. पन वळन आलं का गाडी मले बाहीर फेकते. एकदा तरी वळनावर झुकून पाहाचं हाये. अन् तुमच्यासंगं एक शर्यत लावाची हाये."

तो बोलला ते अगदी बरोबर होतं. दुचाकी वळताना आत झुकते, म्हणून तोल राहतो. जादा चाकांची गाडी झुकूच शकत नाही, ती बाहेर कलंडू पाहते. 10 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 25 किलोमीटर वेग असेल तर सुमारे 26 अंश झुकावं लागतं. वेग 36 झाला की 45 अंश. वेग दीडपटही झाला नाही, पण वळणाची ओढ दुपटीनं वाढली, कारण ती वेगाच्या वर्गानं वाढते.

झुकणारी तीनचाकी हा काही माझा शोध नाही. पियाजिओची एमपी-3 ही स्कूटर 2006 साली आली, यामाहाची निकेन 2018 मध्ये. दोन्हींना पुढं दोन चाकं आणि दोन्ही झुकतात. ते पाहून मला आपले भूमितीचे सर आठवले. सर, समांतरभुज चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू समांतर असतात, हे तुम्ही फळ्यावर लिहिलंत तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. पण ही गाडी त्याच एका वाक्यावर उभी आहे. आडव्या दोन भुजा, एक वर एक खाली, मधोमध सांध्यावर बसवलेल्या. त्यांच्या टोकांना चाकं. चौकोन तिरपा झाला की दोन्ही चाकं गाडीबरोबर तेवढीच तिरपी होतात.

मागचा भाग एका जुन्या 125 सीसी स्कूटरचा घेतला. गिअर नाहीत, दोन्ही ब्रेक हातात, त्यामुळे पायाला काम नाही. पुढचा सांगाडा आम्ही वेल्डिंग करून बनवला. अडचण एकच होती. अशी गाडी थांबली की आपोआप उभी राहत नाही, पाय टेकवावा लागतो. म्हणून झुकणाऱ्या भुजेवर जुन्या मोटरसायकलची डिस्क आणि ब्रेकचा कॅलिपर बसवला. लिव्हर ओढला की गाडी आहे तशी जखडते. टायमरच्या पायातल्या पट्ट्यांनाही कॅलिपरच म्हणतात. तो म्हणाला, "एक मले, एक गाडीले. दोघंबी आता पक्के."

चाचणीला जागा मिळाली अकोल्यातल्या एका जिनिंगच्या आवारात. मे महिन्यात जिनिंग बंद, काँक्रीटचं अंगण मोकळं. उन्हामुळे पहाटेच जायचो. फक्कीनं 10 मीटरचं वर्तुळ आखलं. पहिले दोन रविवार मीच चालवली. पुढचे टायर झिजायला लागले, कारण स्टिअरिंगच्या दांड्यांची लांबी भुजांशी जुळत नव्हती. झुकताना चाकं एकमेकांकडे तोंड करत होती. दांड्या बदलल्या, झीज थांबली.

तिसऱ्या रविवारी टायमर बसला. निघताना लिव्हर पुरता सुटला नव्हता. गाडी जखडलेलीच राहिली, पहिल्याच वळणावर बाहेरच्या बाजूला आडवी झाली आणि त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं. चूक माझी होती. ज्याला पाय टेकवता येत नाही त्याच्यासाठी मी गाडी केली, पण लॉक लागलेलं असताना ती वेग घेऊच शकणार नाही, अशी सोय केली नव्हती. दवाखान्यात वहिनी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पुढं दोन महिने बोलल्या नाहीत. मी गाडीवर ताडपत्री टाकली.

ती ताडपत्री टायमरनंच काढायला लावली. आम्ही अॅक्सिलरेटरच्या केबलला लॉकचा खटका जोडला. मूठ पिळली की आधी लॉक सुटतं, मगच इंजिन वेग घेतं. वाळूचं पोतं बांधून, उतारावर दोरीनं ओढून, शेकडो वेळा तो खटका तपासला. दुसऱ्या चाचणीला वहिनी स्वतः आल्या. मूठ स्वतः वीसेक वेळा पिळून पाहिली, मग म्हणाल्या, "आता बसू द्या."

गेल्या हिवाळ्यात, जिनिंगचा हंगाम सुरू होण्याआधी, त्याच अंगणात शर्यत झाली. चार जण दुचाकीवर, टायमर तीनचाकीवर. दोन ड्रमांभोवती दहा फेऱ्या. तो तिसरा आला. पण वळणावर तो आत झुकला तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला, कारण त्या दिवशी घड्याळ माझ्या हातात होतं.

ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही. नोंदणी झालेल्या वाहनाच्या रचनेत परवानगीशिवाय असा बदल कायद्यात बसत नाही, म्हणून ती छोट्या हत्तीवर घालूनच अकोल्याहून आणली आहे. आला तो रस्ता मात्र शर्यतीचाच होता. 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता.

शाळेला एकच विनंती आहे. यंदाच्या क्रीडादिनाला ज्याच्या हाती घड्याळ द्याल, त्याला आधी विचारा, "तुला काय खेळायचंय?" उत्तर अवघड असेल तर मला फोन करा.

जेवणानंतर मैदानावर गाडी चालवून दाखवू. कोणाला बसायला द्यायची ते टायमर ठरवेल. मागच्या वेळचे तीन अर्ज त्यानं नाकारले आहेत, त्यात एक माझा आहे.