शेजारशाळा आणि तिची हद्द



१८७७ साली कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला राहावयास आले आणि त्यांचे कुटुंबही त्यांच्यामागून आले. त्यांचा मुलगा नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, त्या वेळी चौदा वर्षांचा होता. गावात त्याच्याजोगी शाळा नव्हती, असे चरित्रकार सांगतात. सुमारे दोन वर्षे त्या मुलाचे शिक्षण वडिलांपाशी घरीच झाले. वकिलाच्या मुलाला हे परवडले. याच गावातील कोष्ट्याच्या मुलाला त्या काळी ना शाळा होती, ना घरी शिकविणारे वडील.

आज रायपुरात शाळा नाही असे कोणी म्हणणार नाही. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, रायपूर राजधानी झाले, आणि २०११ च्या जनगणनेत येथील महानगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या दहा लाखांवर गेली. शाळाही वाढल्या. तरीही एका प्राथमिक शाळेत मुलांना बसावयास जागा नाही आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर दुसरीत वर्ग ओस पडले आहेत, असे दृश्य वाढत्या शहरात पुष्कळदा दिसते. हे कसे घडते, याचा विचार मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम 'शेजारशाळा' हा शब्द घेऊ. कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात त्याचा पुरस्कार केला. आयोगाचे सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. मराठी श्रोत्यांना त्यांची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. आयोगाची कल्पना अशी होती की, त्या त्या वस्तीतील सर्व मुलांनी, मग ती कोणत्याही जातीची, धर्माची वा आर्थिक स्थितीची असोत, वस्तीतील एकाच शाळेत जावे. म्हणजे शाळेला हद्द असावी आणि ती श्रीमंतालाही बांधील असावी. १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समान शाळापद्धतीचा उल्लेख आला. अंमल मात्र झाला नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शेजारची शाळा आहे, पण तिचा अर्थ बदललेला आहे. केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा मिळावी. हे बंधन शासनावर आहे, पालकावर नाही. त्याने मूल तेथे घालावेच असे कायदा म्हणत नाही. कोठारींनी वस्तीभोवती रेषा कल्पिली होती. कायद्याने शाळेभोवती वर्तुळ काढले. या वर्तुळावरून शाळा आहे की नाही हे समजते, पण आत किती मुले राहतात आणि शाळेत किती बाके आहेत, हे समजत नाही. दाट वस्तीत एका किलोमीटरच्या वर्तुळात हजारो मुले मावतात. नियम पाळला जातो आणि वर्ग ओसंडून वाहतो.

आता एक हिशेब करून पाहू. तो कल्पित आहे, पण अशा जोड्या शोधणाऱ्यास सापडतील. एका शाळेत २८ मुले व ३ शिक्षक आहेत. शेजारच्या शाळेत २१२ मुले व ५ शिक्षक आहेत. दोन्ही मिळून २४० मुले आणि ८ शिक्षक, म्हणजे एका शिक्षकामागे ३० मुले. कायद्यातील प्राथमिक शाळेचे प्रमाण तंतोतंत पाळलेले. अहवालात ही सरासरी छापली जाते. प्रत्यक्षात एकीकडे शिक्षकामागे नऊ-दहा मुले आणि दुसरीकडे बेचाळीस.

यावर प्रशासनाला सुचणारा उपाय म्हणजे लहान शाळा मोठीत मिळविणे. छत्तीसगड शासनाने २०२५ साली 'युक्तियुक्तकरण' या नावाने हेच केले. शासनाच्या निवेदनाप्रमाणे १०,४६३ शाळा त्यात आल्या. त्यांतील बहुसंख्य एकाच आवारातल्या होत्या. दुसरीकडच्या शाळेत खरोखर मिसळल्या गेल्या त्या १६६. खेड्यात एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा असून पट दहाच्या खाली, आणि शहरात पाचशे मीटरच्या आत दुसरी असून पट तीसच्या खाली, अशी कसोटी लावण्यात आली. एकही शिक्षक नसलेल्या शाळांना शिक्षक मिळावेत, हा त्यामागचा हेतू मी अयोग्य म्हणणार नाही. परंतु शिक्षकाची बदली होते, खोलीची होत नाही. आपल्या उदाहरणात २८ मुले मोठ्या शाळेत आली की पट २४० होतो, शिक्षक ८ होतात आणि खोल्या पाचच राहतात. कायद्याच्या परिशिष्टात तर प्रत्येक शिक्षकाला निदान एक वर्गखोली हवी असे लिहिले आहे. मग दोन पाळ्या सुरू होतात, अथवा दोन इयत्ता एका खोलीत पाठीला पाठ लावून बसतात. रिकाम्या झालेल्या खोल्यांना कुलूप लागते.

आणि हे पाचशे मीटर कोणते? मुंबई-हावडा लोहमार्ग या शहरातून जातो. स्टेशनसमोरचा भाग एका बाजूस, गुढियारी दुसऱ्या बाजूस. नकाशावर कंपास ठेवला तर रूळ आडवे येत नाहीत. सहा वर्षांच्या मुलीला ते येतात. हीच गोष्ट जी. ई. रोडसारख्या वाहत्या रस्त्याची. अंतर मोजावयाचे ते चालत्या पावलांनी आणि शक्यतो मुलाच्या उंचीवरून.

मग गर्दीच्या शाळेच्या कडेच्या दोन गल्ल्या रिकाम्या शाळेकडे का वळवू नयेत? खोल्या तयार आहेत. येथेच खरी अडचण आहे. पालक जात नाहीत. ज्या शाळेतून चार बरी घरे निघाली तिला नाव ठेवले जाते. नाव ठेवले की आणखी घरे निघतात, पट घसरतो, शिक्षक काढले जातात, आणि पालकांचे म्हणणे खरे ठरते. ही हद्द कोणत्याही कचेरीने आखलेली नाही. ती फीच्या पावतीने आणि शेजाऱ्याच्या मताने आखली जाते.

नाव परत मिळविता येते, याचा पुरावाही याच शहरात आहे. २०२० पासून राज्यात स्वामी आत्मानंद इंग्रजी माध्यम शाळा उघडल्या गेल्या. रायपुरातील पहिल्या तीन आमापारा, राजातालाब आणि फाफाडीह येथे. इमारती जुन्या सरकारी शाळांच्याच. पण तेथे प्रवेशासाठी चिठ्ठ्या टाकण्याची वेळ आली. सरकारी शाळेपुढे अर्जांची रास पाहून मला आनंद झाला, हे कबूल करतो. मात्र चिठ्ठी गल्ली ओळखत नाही. दारासमोर राहणारे मूल बाहेर राहू शकते, आणि मग त्याने कोठे जावयाचे?

परदेशात हद्दीचा प्रश्न उघडपणे लढला गेला. अमेरिकेत घराच्या पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते, त्यामुळे तेथे हद्द आखणे म्हणजे कोण कोणाशेजारी बसणार हे ठरविणे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली शार्लटच्या खटल्यात वर्णभेद मोडण्यासाठी मुलांना बसने दूरच्या शाळेत नेण्यास मान्यता दिली, आणि १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात उपनगरांची हद्द ओलांडण्यास नकार दिला. ऐपतदार घरे त्या रेषेपलीकडे राहिली. आपल्याकडे घर बदलावे लागत नाही, रिक्षा बदलली की पुरते.

महाराष्ट्रातही अंतराचा नियम एकदा उलट बाजूने वापरला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील शासनाने असे ठरविले की, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्याची गरज नाही. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. जवळ शाळा असणे ही मुलाची सोय. तेच कारण सांगून दुसऱ्या शाळेचे दार बंद करता येत नाही.

मला विचारण्यात येते की, आपण कोठारींची बांधील रेषा परत आणावी काय. आज ती आणण्याचे धैर्य कोणत्याही शासनात मला दिसत नाही, आणि घसरलेल्या शाळेत गरिबालाच बांधून ठेवणारी रेषा मला नको आहे. मात्र रेषेच्या आधीचे एक काम कायद्यानेच नेमून दिलेले आहे. कलम ९ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवावयाची आहे. रायपुरात वॉर्डाची रेषा महानगरपालिकेची, ती मतदारांसाठी आखलेली. सरकारी प्राथमिक शाळा राज्याच्या शिक्षण खात्याच्या. एकाला गल्ल्या माहीत, दुसऱ्याला पट. या दोन वह्या एका टेबलावर उघडल्या जाव्यात, एवढीच माझी मागणी आहे. त्यांत मी तीन रकाने वाढवीन: मूल कोणत्या गल्लीत राहते, शाळेत जाताना त्याला रूळ अथवा हमरस्ता ओलांडावा लागतो काय, आणि त्या शाळेत वापरण्याजोग्या खोल्या किती. सत्र जूनच्या मध्यास सुरू होते. शाळा मिळविण्याचा वा गल्ल्या वळविण्याचा हुकूम निघावयाचा तो ही वही भरल्यानंतर निघावा, आणि निदान एप्रिलमध्ये निघावा, म्हणजे पालकांना नवी शाळा उन्हाळ्यात जाऊन पाहता येईल.