घराचं मुख्य दार बदलताना

पावसाळ्यात दार फुगलं की आपण नवं दार घ्यायला निघतो. पण आधी चौकट तपासा. टोकदार खिळा किंवा पेचकस तळाशी टोचून पाहा. तो सहज आत गेला, तर वाळवी किंवा कुज लागलेली आहे. अशा चौकटीत महागडं दारही टिकत नाही.

चौकट शाबूत असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. दोन्ही कर्णही मोजा. ते सारखे नसतील, तर चौकट कललेली आहे. दार डावीकडून उघडतं की उजवीकडून, हेही दुकानदाराला सांगा.

सागवान टिकाऊ, पण महाग. कच्चं, ओलसर सागवान मात्र पुढे वाकतं. फ्लश डोअर घ्यायचं तर आतून भरीव हवं. मुख्य दाराला ३५ मिलिमीटर जाडी चांगली. त्यावर आय.एस. २२०२ या मानकाचा आय.एस.आय. शिक्का पाहा. पोकळ दारं आतल्या खोल्यांसाठी ठीक. कोकणासारख्या दमट हवेत जलरोधक डिंकाने चिकटवलेलंच दार घ्या.

जड दाराला किमान तीन मजबूत बिजागऱ्या लावा. बसवण्याआधी वरची आणि खालची कडही रंगवून किंवा पॉलिश करून घ्या. उघड्या कडांतून ओल शिरते. आणि शक्यतो भर पावसात रंधा मारू नका. फुगलेलं लाकूड उन्हाळ्यात आकसतं, मग फट राहते.

बिलावर दाराचा प्रकार, जाडी आणि हमीचा काळ लिहून घ्यायला विसरू नका.