वरच्या मजल्याचे पाणी



वळचणीच्या पाण्यावरून होणारी भांडणे आखाडा बाळापूर-कळमनुरीकडच्या माणसाला नवी नाहीत. वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने चालत आलेल्या अशा वहिवाटीला 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने मान्यता दिली आहे. पण आता हे पाणी शेजारून येत नाही, डोक्यावरून येते. हळदीच्या पट्टीचे पैसे घालून आपण मुलाला पुण्यात फ्लॅट घेऊन देतो आणि दुसऱ्याच वर्षी त्याचे छत ठिबकू लागते. आपल्या गावातही खाली खतबियाणांचा गाळा आणि वर बिऱ्हाड, अशी घरे झाली आहेत. मग भरपाई कोणी द्यायची?

या प्रश्नाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. विलायतेत एका गिरणीवाल्याच्या तलावाचे पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरले. स्वतः गिरणीवाल्याचा हलगर्जीपणा नव्हता, तरी भरपाई त्यानेच द्यावी, असा निकाल लॉर्डांच्या सभेने 1868 साली दिला. पुढे मद्रासकडे एका जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीने फुटले आणि रेल्वेचे नुकसान झाले. रेल्वेने तोच निकाल पुढे केला. प्रिव्ही कौन्सिलने 1874 साली तो इथे लागू केला नाही. तलाव हा इथल्या शेतीचा प्राण, तो राखणे जमीनदाराचे कर्तव्यच; तेव्हा निष्काळजीपणा दाखवा, मग भरपाई मागा. मला हा निकाल शहाणपणाचा वाटतो. ज्याने विहीर-तळे सांभाळले आहे, त्याला तो चटकन पटेल.

इमारतीतही निष्काळजीपणा हाच कळीचा मुद्दा. नळ अचानक फुटला, ही एक गोष्ट. न्हाणीघर गळते असे लेखी कळवूनही वरचा मालक स्वस्थ बसला, ही दुसरी. म्हणून जिन्यात आरडाओरडा करण्यापेक्षा चार ओळींचे पत्र द्या, पोच घ्या आणि तारखेसह छायाचित्रे काढून ठेवा.

सहकारी गृहनिर्माण संस्था असेल, तर तिचे उपविधी पाहा. आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, पावसाचे पाणी, बाहेरचे सामाईक नळ व सांडपाण्याच्या नळ्या यांची गळती संस्थेने दुरुस्त करायची. संडास, मोरी, बेसिन यांची आतली गळती ज्या त्या सभासदाने. तेव्हा पाणी नेमके कुठून येते, हे आधी शोधा. निम्मे तंटे इथेच अडतात, कारण वरचा माणूस दारच उघडत नाही! इमारत नवी असेल, तर बांधणाऱ्यालाही धरता येते. 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर त्याने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करायची असते.

आता विमा. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी विमा कंपन्यांनी देऊ केली आहे. टाकी किंवा नळ फुटून अथवा ओसंडून झालेले नुकसान तीत येते. घराचा विमा घेतला की घरातल्या सामानालाही घराच्या रकमेच्या वीस टक्के, पण दहा लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. मात्र वर्षानुवर्षे झिरपणारी ओल, बुरशी, जुनाट झीज यांचे पैसे मिळत नाहीत. आणि आपल्या नळाने खालच्याचे घर भिजले, तर त्याची भरपाई ही पॉलिसी देत नाही. त्या जबाबदारीचा विमा वेगळा मागून घ्यावा लागतो. एजंट हे आपण होऊन सांगेलच, असे नाही. गाळेवाल्यांनी मालाचाही विमा करावा. पाच कोटींपर्यंतच्या धंद्याला ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे.

तुम्हाला पैसे दिल्यावर विमा कंपनी तुमच्या जागी उभी राहून दोषी माणसाकडून वसुली करू शकते. म्हणून कंपनीला न विचारता वरच्याला ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून देऊ नका. भिजलेला माल सर्व्हेअर येईपर्यंत फेकू नका. कंपनीने दावा नाकारला किंवा तक्रारीला महिनाभर उत्तरच दिले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे अर्ज करावा. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.