माजघरांतला नवरा आणि ओसरीवरचा नवरा
(निलंगा येथें तरुण मंडळींपुढें झालेलें भाषण)



पहिलें सत्यशोधक लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजीं पुण्यास लागलें. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा. भटजीस फांटा दिला, हें आपण अभिमानानें सांगतों. पण जोतीराव फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू स्वतः भर मांडवांत स्त्रियांचा हक्क मागते आणि वर सर्वांदेखत वचन देतो, हें सांगतांना आम्हां पुरुषांची जीभ जड होते.

आतां आपल्याकडचें पाहा. माझा एक जुना विद्यार्थी. बायको सात महिन्यांची गरोदर, म्हणून यानें हापशावरून दोन घागरी आणल्या. पारावरची मंडळी म्हणालीं, "बायकोच्या ताटाखालचें मांजर!" आईनें दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशीं घागर पुन्हां बायकोच्या डोईवर! मला म्हणतो, "गुरुजी, माजघरांत मी तिचें सगळें ऐकतों." अरे, त्यानें घागर हलकी होते काय? तिला ओसरीवर नवरा हवा होता.

आईस मी दोष देत नाहीं; तिनेंही अशाच घागरी वाहिल्या, तिच्यासाठीं कोणी उठलें नाहीं.

जोतीरावांनाही वडील होते, शेजारी होते. १८४९ सालीं त्यांना घर सोडावें लागलें. सावित्रीबाई त्यांच्यासोबत निघाल्या आणि त्यांचें शिकविणें सुटलें नाहीं. तुला तर घर सोडावयाचें नाहीं, पारावरून घागर घेऊन जावयाचें आहे.

तो आज इथेंच मागें बसला आहे. नांव सांगत नाहीं. उद्यां सकाळीं हापशावर कोण येतें, तें मी शाळेंत जातांना पाहीन.