शेतकऱ्याची दिवसाची वीज
(स्वागताध्यक्षीय भाषण)



सौर विजेचा विचार करणारी परिषद खान्देशातील धुळ्यात भरावी यात औचित्य आहे. कारण याच जिल्ह्यातील साक्री तालुक्यात महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेच्या कर्जसाहाय्यातून उभारलेला 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 मध्ये कार्यान्वित झाला आणि मोठ्या प्रमाणावर सौर वीज निर्माण करण्याचा अनुभव राज्याला येथूनच मिळू लागला.

प्रकाशापासून थेट वीज मिळू शकते, हे फ्रान्सच्या एदमाँ बेकरेल यांनी 1839 मध्ये दाखवले असले, तरी या शोधाला उपयोगाचे रूप येण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी 1954 मध्ये सिलिकॉनचा जो सौरघट तयार केला, त्याची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या प्रकाशातील ऊर्जेपैकी विजेत रूपांतरित होणारा हिस्सा, सुमारे सहा टक्के होती. आज बाजारात मिळणाऱ्या पॅनेलमध्ये ती वीस टक्क्यांच्या पुढे गेली आहे. घटाची रचना मुळात साधी आहे. सिलिकॉनच्या पातळ चकतीच्या एका बाजूस फॉस्फरसचा आणि दुसऱ्या बाजूस बोरॉनचा अत्यल्प अंश मिसळला, की दोन्ही थरांच्या सीमेवर विद्युत क्षेत्र निर्माण होते; प्रकाशकणांनी मोकळे केलेले इलेक्ट्रॉन या क्षेत्रामुळे एका दिशेला ढकलले जातात आणि बाहेरील तारेतून प्रवाह वाहू लागतो. एका घटाचा दाब अर्ध्या व्होल्टच्या आसपास असल्याने अनेक घट एकापुढे एक जोडून पॅनेल बनवतात, आणि पॅनेलमधून येणारा एकदिश प्रवाह इन्व्हर्टरमधून प्रत्यावर्ती करून वाहिनीत सोडतात.

भारताने जानेवारी 2010 मध्ये राष्ट्रीय सौर अभियान जाहीर केले, तेव्हा 2022 पर्यंत 20,000 मेगावॉट हे लक्ष्य अनेकांना अवास्तव वाटले होते. 2015 मध्ये ते एक लाख मेगावॉटपर्यंत वाढवण्यात आले आणि तो टप्पा देशाने जानेवारी 2025 मध्ये ओलांडला. दरम्यान मध्य प्रदेशातील रेवा प्रकल्पाच्या लिलावात 2017 साली पहिल्या वर्षासाठी प्रतियुनिट 2 रुपये 97 पैसे असा दर निघाला आणि सौर वीज महाग असते हा आक्षेप निकालात निघाला. विजेच्या किमतीचा प्रश्न एवढ्या प्रमाणात सुटल्यावर ती वीज कोणाला, कोणत्या वेळी आणि कोणाच्या जमिनीवरून मिळणार, या प्रश्नांकडे परिषदेने वळावे, असे स्वागत समितीला वाटते.

महाराष्ट्रात या प्रश्नांचे उत्तर शेतीपंपापासून सुरू होते. राज्यातील शेतकऱ्याला वर्षानुवर्षे पाळीपाळीने वीज मिळत आली: आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि बाकीचे रात्री. रब्बीच्या ऐन थंडीत गव्हाला किंवा कांद्याला पाणी द्यायचे, तर मध्यरात्री बॅटरी घेऊन शेतात जायचे, विंचूकाट्याची भीती मनात ठेवून चिखलात दारे धरायची आणि मध्येच डीपीवरचा फ्यूज उडाला तर उजाडेपर्यंत बांधावर बसून राहायचे, हे खान्देशातल्या शेतकरी घरांना सांगावे लागत नाही. सूर्य नेमका दिवसा तळपतो आणि पिकाला पाणीही दिवसाच देणे सोयीचे असते, म्हणून सौर वीज आणि सिंचन यांचा मेळ स्वाभाविक आहे. साठवणुकीसाठी महागड्या बॅटऱ्या न घेता ज्या थोड्या कामांत ही वीज जशी निर्माण होते तशी वापरता येते, त्यांत शेतीपंप अग्रभागी आहे.

याच विचारातून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. गावठाणाला वीज देणारी वाहिनी आणि शेतीपंपांची वाहिनी वेगळी करायची, उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज त्याच उपकेंद्रातून परिसरातील पंपांना द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. वीज दूरवर वाहून न्यावी लागत नसल्याने वाटेतील गळती कमी होते. योजनेचा दुसरा टप्पा 2023 मध्ये सुरू झाला आणि त्यातील पहिला, तीन मेगावॉटचा प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील ढोंदलगाव येथे 2024 मध्ये कार्यान्वित झाला.

तथापि धुळे जिल्ह्यात बोलताना जमिनीचा विषय टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. शिंदखेडा तालुक्यातील विखरण येथे वीज प्रकल्पासाठी संपादित झालेल्या जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दाद मागत राहिलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि त्यात त्यांचा अंत झाला. ज्या विजेला इंधन लागत नाही, तिला जमीन मात्र भरपूर लागते. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर. म्हणून संपादनाऐवजी भाडेपट्टा हा मार्ग अधिक न्याय्य आहे. सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ अशी तरतूद झाली, ती या दिशेने टाकलेले योग्य पाऊल आहे. भाडे वेळेवर मिळणे आणि प्रकल्पांखाली जाणाऱ्या चराऊ कुरणांवर अवलंबून असलेल्या मेंढपाळांचा विचार होणे, या बाबी तितक्याच निकडीच्या आहेत.

देखभालीचा मुद्दा याहून साधा, पण दुर्लक्षित आहे. पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सिअस घट-तापमानाला मोजतात आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला ती सुमारे 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. मे महिन्यात हवेचेच तापमान 43-44 अंशांवर जाते, तेव्हा काचेखालचा घट 65 अंशांपर्यंत तापतो आणि लख्ख ऊन असूनही क्षमतेचा सातवा ते आठवा हिस्सा हातचा जातो. त्यावर शेतातील धुळीचा थर बसला, तर उत्पादन आणखी उतरते, आणि तो धुण्यासाठी लागणारे पाणी उन्हाळ्यातच सर्वांत दुर्मीळ असते. वाहिनीऐवजी ज्याच्या शेतातच पॅनेल लावून सौरपंप बसवला, त्याला बिघाडानंतर दुरुस्ती किती दिवसांत मिळते, हाच अशा पंपांच्या योजनेच्या यशाचा खरा निकष मानावा लागेल.

शिवाय सौरपंप एकदा बसला, की पाणी उपसण्याचा पुढील खर्च जवळजवळ शून्य होतो. विहिरी आणि बोअरवेल आधीच खोल गेलेल्या तालुक्यांत ही सोय भूजलावर भार टाकू शकते, त्यामुळे ठिबक सिंचन आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद यांना बाजूला ठेवून सौरपंपांचे वाटप करणे धोक्याचे ठरेल.

या परिषदेच्या निमित्ताने संशोधक, वितरण यंत्रणा आणि शेतकरी एका छताखाली आले आहेत. चर्चासत्रांत शेतकरी प्रतिनिधींना शेवटची पाच मिनिटे न देता आरंभी बोलू द्यावे आणि जमिनीचे भाडे, दुरुस्तीची मुदत व भूजल यांबाबत परिषदेने स्पष्ट ठराव करावेत, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.