रिंग वाजते, पण कुठे?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

ट्रंक म्हटलं की जुन्या मंडळींना दोन गोष्टी आठवतात. एक पत्र्याची पेटी आणि दुसरा तासन्‌तास वाट पाहायला लावणारा ट्रंक कॉल. आज मी बोलणार आहे तिसऱ्या ट्रंकविषयी. कचेरी, कारखाना, रुग्णालय अशा ठिकाणी आतल्या फोनांसाठी एक छोटं एक्स्चेंज असतं. आपण त्याला ईपीएबीएक्स म्हणतो. बाहेरच्या टेलिफोन एक्स्चेंजकडून या यंत्रापर्यंत येणाऱ्या लाइनी म्हणजे ट्रंक लाइनी.

गोष्ट 1998 सालची. अशा यंत्रांच्या देखभालीचं काम मी करत असे. एका तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयातून बोलावणं आलं. तिथे पाच ट्रंक लाइनी होत्या. तक्रार मात्र यंत्राची नव्हती, ऑपरेटर बाईंची होती. रात्री एका माणसाने रुग्णवाहिकेसाठी फोन केला. बराच वेळ रिंग वाजली, कुणी उचलला नाही. शेवटी त्याने पेशंटला रिक्षातून आणलं. पेशंट वाचला, पण बाई झोपल्या होत्या असं ठरलं आणि त्यांना मेमो मिळाला. बाई मला म्हणाल्या, "साहेब, मी जागीच होते. बेल वाजलीच नाही हो."

व्यवस्थापकांनी माझ्यासमोर शून्य दाबून दाखवलं. डायल टोन आला. "बघा, लाइनी चालू आहेत," ते म्हणाले.

इथेच चूक होते. शून्य दाबलं की यंत्र मोकळी असलेली कुठलीही एक लाइन देतं. त्यावरून एक लाइन चालू आहे एवढंच कळतं, पाचही चालू आहेत हे कळत नाही. एखादे वेळी टोन आला नाही, तर आपण फोन ठेवतो आणि पुन्हा शून्य दाबतो. दुसरी लाइन मिळते, आपण विसरून जातो.

मी बाहेरच्या एका फोनवरून पाचही लाइनींचे क्रमांक एकेक करून लावले. तिसऱ्याला कानात रिंग ऐकू येत होती. रुग्णालयात मात्र शांतता. मग भिंतीवरच्या पेटीत ती लाइन यंत्रापासून सोडवली आणि तिला साधा फोन जोडला. टोन नाही. मीटर लावला. फोन खाली ठेवलेला असताना चांगल्या लाइनीवर साधारण 48 व्होल्ट दाब असतो. इथे काटा शून्यावर. पावसाळ्यात खांबावरच्या डब्यातला जोड गंजून तुटला होता.

मग रिंग कशी ऐकू येत होती? मंडळी, फोन करणाऱ्याच्या कानात वाजते ती समोरची बेल नव्हे. तो एक्स्चेंजने पाठवलेला आवाज असतो. तुटलेल्या तारेतून वीज वाहत नाही, म्हणून एक्स्चेंजला ती लाइन मोकळी वाटते. तिथल्या लाइनी हंटिंगमध्ये होत्या, म्हणजे पहिली गुंतलेली असेल तर फोन दुसरीवर, मग तिसरीवर. पहिल्या दोन गुंतल्या की पुढचा फोन थेट या मेलेल्या लाइनीवर जायचा. चौथी आणि पाचवी मात्र बहुतेक वेळ रिकाम्या. एका बिघडलेल्या लाइनीने मागच्या दोन चांगल्या लाइनीही निकामी केल्या होत्या. बाईंचा मेमो मागे घेतला गेला, याचं मला आजही समाधान आहे.

आता काळ बदलला. पीआरआय आली, तिच्या एकाच जोडणीवर 30 संभाषणं चालतात. पुढे इंटरनेटवरून चालणाऱ्या सिप ट्रंक आल्या. पडद्यावर हिरवा दिवा दिसतो. पण जोडणी शाबूत आहे एवढंच तो सांगतो. दोन्हीकडचा आवाज पोहोचतो की नाही, हे बोलल्याशिवाय कळत नाही.

म्हणून माझी एक विनंती. महिन्यातून एकदा, कामाची गर्दी नसताना, आपल्या कचेरीच्या प्रत्येक लाइनीवर बाहेरून फोन करा. बेल वाजते का, दोन्ही बाजूंनी ऐकू येतं का, फोन ठेवल्यावर लाइन सुटते का, एवढं पाहा. मग यंत्रात प्रत्येक ट्रंकचा जो स्वतंत्र कोड असतो, तो वापरून एकेक लाइन निवडा आणि बाहेर फोन लावा. वहीत तारीख घालून लिहून ठेवा. पाच लाइनींना अर्धा तास पुरे.

आणि कुणी म्हणालं, "तुमच्याकडे फोनच उचलत नाहीत," तर ऑपरेटरला बोलण्याआधी लाइनी तपासा.