बेचाळीस रात्री

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, काशीच्या अहिल्याबाई घाटावर भरलेल्या कौटुंबिक संमेलनात केलेले भाषण)



आज येथे बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा प्रथम संकोच वाटला. आम्ही साहित्यिक नव्हे. बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि तेव्हापासून आमची लेखणी चालली ती टिपणे आणि अहवाल लिहिण्यापुरतीच. परंतु याच घाटाच्या पायऱ्यांवर एका उन्हाळ्यात आमच्या घराला जो धडा मिळाला, तो आपल्यापुढे ठेवण्याची संधी सोडवेना, म्हणून उभे राहिलो आहोत.

ज्या माउलीच्या नावाचा हा घाट, तिने १७८० साली काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, हे आपणांपैकी प्रत्येकास ठाऊक आहे. तिच्या दिनचर्येतील एका गोष्टीकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याचा मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. अहिल्याबाई पहाटे उठून पूजाअर्चा करीत आणि त्यानंतर ठरावीक वेळ धर्मग्रंथांचे वाचन ऐकत, असे त्याने नोंदविले आहे. दानधर्म आणि दरबार त्यानंतर. राज्याचा गाडा हाकणाऱ्या बाईला ऐकण्यासाठी रोज वेळ सापडत होता. आपणांस मात्र तो सापडत नाही!

आणखी एक स्मरण करून देतो. नाथांनी एकनाथी भागवत पैठणास आरंभिले, पण ते पूर्ण केले ते याच काशीनगरीत, शके १४९५ म्हणजे सन १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेस. मराठीचा एवढा मोठा ग्रंथ घरापासून शेकडो कोस दूर, गंगेच्या काठी सिद्धीस गेला. आणि तो लिहिला गेला तो एकाने वाचावा आणि दहांनी ऐकावा यासाठी. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती, तरी पांडवप्रताप आणि भक्तिविजय त्यांना मुखोद्गत होते. मुक्याने वाचणे ही आपल्याकडची अलीकडची रीत आहे.

आता आमची हकीकत. काशीतील आमची ही दुसरी नेमणूक. पहिल्या नेमणुकीत, नऊ वर्षांपूर्वी, आम्ही येथूनच जवळच्या एका गल्लीत राहत होतो. आमच्या मातोश्री आमच्याजवळ होत्या. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली. त्यामुळे नित्याची पोथी बंद पडलेली. एके दुपारी त्यांनी आमच्या धाकट्या चिरंजीवास, तो तेव्हा अकरा वर्षांचा होता, एक मराठी पुस्तक वाचून दाखविण्यास सांगितले. मुलगा हुशार, हिंदी शाळेत पहिल्या तिघांत येणारा. लिपी तीच देवनागरी. त्याने धडाधड वाचावयास आरंभ केला. 'शाळा'ची शाला झाली, 'बाळ'चा बाल झाला, 'चांगला'मधला च हिंदीतल्या च सारखा खणखणीत उमटला. मातोश्रींनी पानभर ऐकून घेतले आणि निरागसपणे विचारले, "बाळा, हे मराठीच आहे ना रे?"

मुलाने पुस्तक मिटले. तो रडला नाही, पण पुढे आठ दिवस आजीच्या खोलीत गेला नाही.

दोष त्याचा नव्हता, आमचा होता. प्रत्येक बदलीत पुस्तकांची ट्रंक आम्ही जिवापाड सांभाळून नेली, पण तिच्यातले एकही पुस्तक मुलांपुढे मोठ्याने वाचले नव्हते. घरात मराठी बोलतो, तेवढ्यावर आम्ही समाधानी होतो. परंतु आपले घरातले मराठी म्हणजे काय, याचा विचार करावा. पोळी वाढ, दिवा मालव, अभ्यास कर. दोनचारशे शब्दांत संसार आटोपतो. रुसवा, पश्चात्ताप, कृतज्ञता यांचे शब्द स्वयंपाकघरात क्वचितच येतात. ते ग्रंथांत असतात.

त्यातून काशीकर मराठी मुलांची अडचण अधिक नाजूक आहे. बंगाल किंवा तामिळनाडूतील आपल्या मुलाला मराठी अक्षर शिकावे लागते, म्हणून आपले काही राहिले आहे हे आईबापांस कळते. येथे अक्षर फुकट मिळते आणि भाषा आल्याचा भास होतो. 'चार' आणि 'चारा' यांतला च लिहिताना एकच, उच्चारताना निराळा. विश्व या अर्थाचे 'जग' आणि "शंभर वर्षे जग" या आशीर्वादातले 'जग' कागदावर जुळी भावंडे आहेत. ओळख पटते ती कानाला. हा भेद कोणतीही लिपी शिकवीत नाही. तो एका मुखातून दुसऱ्याच्या कानात जावा लागतो, आणि तो दुवा तुटला की पुस्तकांचे कपाट भरलेले असूनही घर मुके होते.

हे हिंदीचे गाऱ्हाणे नव्हे. काशीतल्या मराठी घरात १८८३ साली जन्मलेल्या बाबूराव विष्णू पराडकरांनी 'आज'च्या संपादकपदावरून हिंदी पत्रकारितेस वळण लावले, याचा आपणांस अभिमानच आहे. दोन भाषा एका घरात सुखाने नांदतात. मात्र दोघींनाही ताट वाढले पाहिजे.

त्या उन्हाळ्यात आम्ही साने गुरुजींची 'श्यामची आई' काढली. गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशी तिची मांडणी. अशा रात्री बेचाळीस. सुट्टीचे दिवस मोजले, तेही जवळजवळ तितकेच भरले. दिवसभर लू वाहत असे, घराच्या भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या असत. म्हणून शेजारच्या दशाश्वमेधावरील आरतीची गर्दी पांगली की आम्ही येथे येत असू. मातोश्री वरच्या पायरीवर भिंतीला टेकून बसत, आम्ही सारे त्यांच्या भोवती, दिव्याच्या उजेडात. पहिले आठ दिवस आम्ही आणि सौभाग्यवतींनी वाचले. मुलगा पाण्याकडे तोंड करून बसे; पण ऐकत असे. नवव्या रात्री त्याने पुस्तकासाठी आपण होऊन हात पुढे केला.

मातोश्रींनी त्याला मध्येच एकदाही अडविले नाही. वाचन संपले की चुकलेले दोनतीन शब्द त्या आपल्या बोलण्यात सहज आणीत, जणू दुसऱ्याच कामासाठी. शेवटच्या रात्रींना, आईच्या मरणाच्या भागात, मुलाचा कंठ दाटला. तेव्हा पुढला मजकूर मातोश्रींनीच आपल्या शब्दांत सांगून पुरा केला. त्यांनी ते पुस्तक तरुणपणी वाचले होते. घरी परतताना त्या एवढेच म्हणाल्या, "आता तुझा ळ झाला हो." पुढच्या माघात त्या गेल्या.

एक गोष्ट सांगितल्यावाचून हे भाषण प्रामाणिक होणार नाही. आमची कन्या त्या वेळी एकोणीस वर्षांची होती. तीही पायरीवर येऊन बसे, सारे तिला समजे, पण उत्तर मात्र हिंदीत देई. आज ती आपल्या संसारात सुखी आहे. तिची लहानगी आम्हांस 'नानाजी' म्हणते. हाक गोडच आहे. तरी ती ऐकताना दर वेळी मनात येते, की ट्रंक दहा वर्षे आधी उघडली असती तर!

म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी नम्रपणे सुचवितो. वेळ एकच ठेवावी आणि अर्ध्या तासाहून अधिक लांबवू नये. वाचणारा आळीपाळीने बदलावा. आजीआजोबा असतील तर त्यांचा मान पहिला. चूक वाक्याच्या मध्ये सुधारू नये आणि शेवटी तात्पर्य विचारू नये. तात्पर्याच्या भयाने मुले पळतात. पुस्तक कानाला गोड लागणारे निवडावे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना कोणी समोर बसून बोलत असल्याचा भास होतो. चिं. वि. जोशींचा चिमणराव सर्वांस एकदम हसवितो. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्ये झाशीच्या वेढ्याची डोळ्यांनी पाहिलेली हकीकत आहे. ती झाशीची राणी याच काशीत जन्मली, हे ऐकल्यावर येथल्या मुलांचे कान आपोआप टवकारतात.

मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव केले, नाटके केली, अडल्यानडल्यास हात दिला. पुढील पन्नास वर्षांत या सभागृहातील भाषणे मराठीत समजणारे श्रोते हवे असतील, तर ते आपापल्या घरीच तयार व्हावे लागतील. सुट्टी लागण्यास आता थोडेच दिवस उरले आहेत. आज घरी गेल्यावर कपाट उघडावे, एक पुस्तक काढावे, आणि पहिली रात्र कोणी वाचावयाची एवढे ठरवूनच निजावे, ही विनंती.